मालक कोण?

2011 च्या फेब्रुवारीत मी हदगावला दहावीच्या वर्गावर नागरिकशास्त्र शिकवत होतो. कैरोच्या तहरीर चौकातली गर्दी तेव्हा रोज टीव्हीवर दिसायची. वर्गातल्या एका मुलाचे वडील सौदीत वेल्डर होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अब्बा म्हणतात तिथं राजाच सगळं ठरवतो. इस्लाममध्ये मतदान चालत नाही का?"

सगळा वर्ग त्याच्याकडं वळून बघायला लागला. मी पुस्तकी उत्तर दिलं. कुराणातल्या 42 व्या सूऱ्याचं नावच 'शूरा' आहे, शूरा म्हणजे आपसातला सल्लामसलतीचा व्यवहार, असं सांगितलं. पोरगं खाली बसलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. त्याची टोचणी मला अजून आहे.

कारण ग्रंथ दोन्ही बाजूंना साथ देतात. सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं, माणसाच्या बहुमताचं नव्हे, हा विचार विसाव्या शतकात ज्यांनी सर्वांत जोरकसपणे मांडला, ते मौलाना मौदूदी 1903 साली आपल्याच औरंगाबादेत जन्मले. इजिप्तचे इस्लामी विचारवंत सय्यद कुत्ब यांच्यावर त्यांचा मोठा प्रभाव होता. म्हणजे कैरोत जो वाद पेटला होता, त्याचं एक मूळ मराठवाड्याच्या मातीत आहे. याउलट ट्युनिशियात रशीद घन्नूशींचा इस्लामी पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला, विरोध वाढला तेव्हा 2014 च्या सुरुवातीला सत्तेवरून उतरला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत इस्लामचं स्थान राहिलं आणि सदसद्विवेकाचं स्वातंत्र्यही आलं. 2021 च्या जुलैमध्ये तिथली संसद गोठवली ती कुणा मौलवीनं नव्हे. घटनेचे प्राध्यापक राहिलेल्या राष्ट्राध्यक्षानं, कैस सईद यांनी. धर्माच्या नावानं सगळं बिल फाडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग कसोटी कोणती? ती मला आमच्याच इतिहासात सापडते. मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, तेव्हा तिथल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेनं 'अनल मलिक' हा सिद्धांत मांडला होता: मीच मालक. राज्य एकट्या निजामाचं नाही, ते मुसलमान समाजाचं आहे, निजाम त्याचं केवळ प्रतीक आहे. वरवर बघितलं तर हे राजेशाहीच्या पुढचं पाऊल वाटतं. गरिबातला गरीब मुसलमान राज्याचा धनी झाला. पण राज्यातली बहुसंख्य रयत हिंदू होती आणि ती त्या 'मी'मध्ये नव्हती. राजाची मालकी लोकांकडं आली, फक्त 'लोक' या शब्दाचा अर्थ आखडला. रझाकारांचा पुढारी, लातूरचा वकील कासीम रझवी त्याच आखडलेल्या अर्थावर उभा होता. त्याला नकार देणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू लेखणीनं मांडली, आणि 1948 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला.

17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. आम्ही दरवर्षी झेंडा लावतो, लावायलाच हवा. पैनगंगेपलीकडं उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कँप होता, तिथं जाऊन लढलेली माणसं मी लहानपणी बघितली आहेत. पण मी शिक्षक आहे, अर्धी गोष्ट सांगणं मला जमत नाही. भारतीय सैन्याच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, जे झालं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज 27,000 ते 40,000 माणसं मेल्याचा आहे, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या नांदेडचं नाव आहे. हा अहवाल कितीतरी दशकं दडपून ठेवला गेला. त्या दिवसांत आमच्या लोकांनीही 'लोक' शब्दाचा अर्थ आखडला, फक्त उलट्या बाजूनं. ज्याला हे मान्य नाही, त्यानं अरबांना लोकशाही शिकवायला जाऊ नये.

आणि अडाणी माणसाला मत कशाला, आधी विकास होऊ द्या, हे अरब राजे आजही बोलतात. तेल विकून रस्ते, दवाखाने देता येतात, हे त्या वेल्डरनं डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडं रस्तेही नव्हते आणि अक्षरओळखही नव्हती, तरी 1952 साली मत आलं. माझी आजी अंगठेबहाद्दर. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. "मला काय वाचता येतंय बाबा, बैलजोडी दिसली की टाकली चिठ्ठी," असं ती सांगायची.

त्या दिवशी आजी एकटी गेली नव्हती. गल्लीतली एक मोमीन बाई तिच्यासोबत होती. ॲक्शनमध्ये तिचा नवरा आणि थोरला लेक गेला होता. ती चार वर्षं घराबाहेर फारशी पडत नसे. आजीनं दाराशी जाऊन हाक मारली, "चल गं, तुझंबी नाव हाय यादीत." बाईनं आधी खरंच आहे का ते दोनदा विचारलं. मग डोक्यावरून ओढणी घेतली आणि निघाली. रांगेत दोघी मागंपुढं उभ्या होत्या.

तिनं चिठ्ठी कुठल्या पेटीत टाकली, हे आजीनं तिला कधीच विचारलं नाही.