तीस वर्षांचा पाहुणा

साताऱ्यातल्या एका संस्थेत तीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर निदान तिथल्या प्रिंटरने तरी आपल्याला ओळखावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. परवा त्याने साफ ओळख नाकारली. प्रिंटर तीन हातांवर, आणि माझा संगणक म्हणतो, असा कुणी इथं राहत नाही!

आदल्या दिवशी सांगलीचा भाचा येऊन 'व्हीलॅन' करून गेला होता. त्याला फोन लावला.

"मामा, तुमची वायर कितव्या पोर्टात आहे?"

"सातव्या."

"मग बरोबर आहे. तुम्ही तीसमध्ये. पाहुण्यांच्यात."

तीस वर्षांची नोकरी आणि पाहुणा! बरं, पाहुणा म्हणून चहासुद्धा नाही.

संध्याकाळी येऊन त्याने मला समजावलं. चोवीस पोर्टांची स्विचची पेटी एकच. पण हिशेबखात्याला दहा, विद्यार्थ्यांना वीस, पाहुण्यांना तीस असे आकडे दिले की तिचे तीन वाडे होतात. एका वाड्यातली हाक दुसऱ्यात ऐकू जात नाही. जायचंच झालं तर मध्ये राउटर नावाचा दरवान. दोन स्विचांमधली 'ट्रंक' तार मात्र सगळ्यांची सामाईक. म्हणून तिच्यावरून जाणाऱ्या निरोपाला १ ते ४०९४ मधल्या आकड्याची चिठ्ठी डकवायची. १९९८ साली या चिठ्ठीचं जागतिक प्रमाण ठरलं.

"गंमत म्हणजे," भाचा म्हणाला, "संगणकाला निरोप देण्याआधी स्विच ती चिठ्ठी काढून घेतो. आपण कुठल्या वाड्यात आहोत, हे बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही."

मला गंमत वाटेना. याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब शाळेत दाखल झाले. वर्ग एक, मास्तर एक, फळा एक. पण बसायचं गोणपाट घरून न्यायचं, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पेटी एक, वाडे दोन. आणि तिथं चिठ्ठी काढून घेणारा कुणी नव्हता.

"मग काढून टाकू सगळं?" भाचा म्हणाला.

नको रे बाबा! उद्या पोरं फीच्या वहीत शिरतील. भिंत म्हणजे पाप नव्हे. ती कशासाठी घातली, एवढं विचारावं. वही सांभाळणारी भिंत कुणाला हलकं ठरवत नाही. आणि दुसरं, ती चुकली तर सांगायचं कुणाला? मला भाच्याला फोन करता आला. त्या नऊ वर्षांच्या मुलाने कुणाला करायचा होता?

भाच्याने दोन ओळी बडवल्या. मी पाहुण्यांतून हिशेबखात्यात आलो. प्रिंटर खडखडला.

विजयाच्या भरात मी म्हणालो, "१९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. पण कृष्णेला कुणी कळवलेलं दिसत नाही. इकडचं पाणी अजून बिनचिठ्ठीचं तुमच्याकडे नेते!"

"म्हणून तर २०१९ साली आमच्या घरात शिरलं, मामा."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला चहा सांगितला. खरा पाहुणा तोच होता.