दुखण्याची दाद

शरीराची पीडा मनुष्य पुष्कळ अंशी धैर्याने सोसतो. परंतु ती पीडा खरी आहे हे शाबीत करण्याची जबाबदारी जेव्हा पीडिताच्याच शिरावर येऊन पडते, तेव्हा ते धैर्यही खचू लागते. कचेरीत फिर्याद घेऊन जाणाऱ्या साध्या माणसाला निदान एवढी खातरी असते, की आपली कैफियत दप्तरी दाखल होईल, साक्षीपुरावा तपासला जाईल आणि उशिराने का होईना, निकाल कानी पडेल. देहाच्या तक्रारीला मात्र अनेकदा दाखल होण्याचेच भाग्य लाभत नाही. सीलिॲक या व्याधीचे निदान व्हावे म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे दवाखान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, त्यांची कहाणी म्हणूनच केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर विश्वास ठेवण्याचे आपले कर्तव्य कोठवर पोहोचते, हा प्रश्न ती आपल्यापुढे मांडते.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांच्या ठायी तशी आनुवंशिक प्रवृत्ती असते अशांपैकी काहींच्या शरीरात, या प्रथिनाच्या निमित्ताने, देहाची संरक्षक शक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात, आणि रोज भरल्या ताटावर बसणारा मनुष्य कुपोषित राहतो. कोणाला अतिसार व पोटफुगी होते. कोणाचे पोट मात्र वरकरणी अगदी ठीक असते, आणि लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ झालेली हाडे किंवा त्वचेवरील असह्य कंड एवढीच काय ती खूण दिसते. रोग एक, परंतु त्याच्या खुणा रक्ताच्या, हाडांच्या आणि त्वचेच्या तज्ज्ञांत वाटल्या गेलेल्या. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या प्रांतापुरते बरोबर ठरते, आणि समग्र मनुष्य कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

‘पोरीला खाल्लेले अंगी लागत नाही हो,’ असे आई सांगत असते. त्यावर कोणी दृष्ट काढायला सुचवते, कोणी जंताचे औषध देते, कोणी टॉनिक लिहून देते. पुढे तपासण्यांचे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आले, की भोवतालच्यांच्या सहानुभूतीची मुदतही संपते. रुग्ण शाळकरी असेल तर ती अभ्यासाची टाळाटाळ ठरते, नवी सून असेल तर कामाचा कंटाळा, आणि वयस्क असेल तर मनाचे खेळ. सर्वांत दारुण गोष्ट ही, की असे वारंवार ऐकून ऐकून तो रुग्णही अखेर स्वतःच्या साक्षीवर अविश्वास दाखवू लागतो.

हा युरोपातील लोकांचा रोग, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः १९६६ सालीच उत्तर भारतीय मुलांतील या व्याधीची नोंद प्रसिद्ध झाली होती, आणि पुढील पाहण्यांतून, जेथे गहू हेच नित्याचे अन्न आहे अशा उत्तर भारतात शंभरातील सुमारे एकास ती असते असे दिसून आले. दक्षिणेत तिचे प्रमाण बरेच कमी आढळले. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांवर वाढलेल्या महाराष्ट्रात पोळी, पाव आणि बिस्किटे आता रोजची झाली आहेत. तेव्हा येथील वैद्याच्या मनात या रोगाची शंका यापुढे तरी वेळीच आली पाहिजे.

या व्याधीचा इतिहास मला नीतिदृष्ट्या फार बोधप्रद वाटतो. १८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात सॅम्युअल गी यांनी तिचे विवेचन केले आणि बरे होणे असेलच तर ते आहारानेच होईल, असा निष्कर्ष काढला. दिशा अचूक होती. परंतु अपराधी अन्न कोणते हे त्यांना उमगले नव्हते, म्हणून त्यांनी निरुपद्रवी तांदूळ वर्ज्य ठरवला आणि दोन्ही बाजूंनी भाजलेला पावाचा पातळ काप चालेल असे सांगितले. एवढ्या सूक्ष्म दृष्टीच्या वैद्याच्याही नजरेतून गहू निसटला. पुढे अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार सुचवला. त्याने मुले सुधारत, पण का सुधारतात हे गूढच राहिले.

त्यानंतर हेग शहरातील जुलियाना बालरुग्णालयात विलेम डिके या डॉक्टरांच्या कानी एका आईचे म्हणणे पडले, की मुलाच्या खाण्यातून पाव काढला म्हणजे त्याला आराम पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला आणि त्यातून हा शोध लागला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु डिके त्यापूर्वी कित्येक वर्षे गव्हाविना आहाराचे प्रयोग करीत होते, आणि १९४१ साली त्यांनी त्याविषयी लिहिलेही होते. दुष्काळाने त्यांची खातरजमा केली एवढेच. त्या आईच्या बोलण्याला त्यांनी अडाणी म्हणून झिडकारले नाही, की ते वेदवाक्य मानून तेवढ्यावर थांबलेही नाहीत. मुलांची वाढ, वजन, मलातून जाणारा स्निग्धांश यांची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने मोजदाद केली, आणि १९५० साली उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात गव्हाचा दोष सप्रमाण मांडला.

विश्वास म्हणजे काय, याचे मर्म मला येथे सापडते. विश्वासाने तपासाला आरंभ होतो. तो तपासाची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाचे म्हणणे ऐकून कळकळीपोटी ‘गहू सोडून पाहा’ असा सल्ला देणारा शेजारी किंवा वैद्य, नकळत, त्याचे नुकसान करून बसतो. कारण गहू बंद झाला म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, आतडे भरून येऊ लागते, आणि पुढे तपासणी केली तर पुराव्याचीच वाट लागलेली असते. गहू खात असतानाच रक्ताची तपासणी आणि मग दुर्बिणीतून आतड्याचा नमुना, हा क्रम म्हणूनच पाळावा लागतो. रक्ताचा अहवाल निर्दोष आला तरीही तो सर्वांच्या बाबतीत अंतिम निकाल नव्हे, कारण काहींच्या रक्तात आयजीए हे प्रतिपिंडच पुरेसे नसते आणि त्यामुळे नेहमीची चाचणी फसते.

वैद्यांविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी, आतड्याचा क्षय, जंत आणि साधा अपचनाचा विकार यांच्याशी जुळणारी लक्षणे, हाताशी असलेला तुटपुंजा वेळ, यांत निदान हुकणे हा दुष्टपणा नव्हे. ‘मला कळले नाही’ या प्रामाणिक वाक्याचे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ या निकालात रूपांतर होते, तेथे मात्र अन्याय घडतो. अज्ञान वैद्याचे असते, आणि त्याचा दंड रुग्ण भरतो.

निदान झाल्यावरही घरच्यांची परीक्षा संपत नाही. पथ्य आयुष्यभराचे असते, आणि गहू कोठे दडलेला असेल याचा नेम नसतो; बाजारातल्या पुष्कळ बांधानी हिंगातसुद्धा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ‘प्रसादाचा शिरा आहे, एवढ्याशाने काय होते?’ हा प्रेमळ आग्रहही त्याच जुन्या अविश्वासाचे रूप आहे. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, अशी मर्यादा आपल्या देशाच्या कायद्यानेच घातली आहे. तेव्हा नको म्हणणाऱ्याचा नकार यजमानाने निमूटपणे मान्य करावा, यातच खरे आतिथ्य आहे.

वैद्याने प्रत्येक रोग पहिल्या भेटीत ओळखावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु कारण सापडले नाही म्हणून तक्रार निकालात न काढता ती नोंदवून ठेवणे, रुग्णाला पुन्हा यावयास सांगणे, आणि तो आला असता मागची नोंद वाचून नव्याने विचार करणे, एवढे त्याच्या हाती निश्चित आहे. घरच्यांच्या हाती तर त्याहून सोपी गोष्ट आहे. दुखणाऱ्याची शुश्रूषा करण्यासाठी रोगाचे नाव कळणे आवश्यक नसते. तेव्हा ते कळेपर्यंत त्याला खोटे न ठरवणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाचे पहिले कर्तव्य होय.