जामीन कोण राहणार?

धंतोलीतून संध्याकाळी चालायचे म्हणजे रुग्णवाहिका, औषधांची दुकाने आणि जिन्यावर डबा घेऊन बसलेले नातेवाईक यांच्यातून वाट काढायची. नागपूरच्या या जुन्या वस्तीतले बंगले गेले, दवाखाने आले. इथल्या प्रत्येक रोग्याचा प्रश्न एकच: सुट्टी कधी? बिल भागले, सही झाली की कुणीतरी ऑटो बोलावतो. याच शहराच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मात्र अशी माणसे राहत आली आहेत, ज्यांचा आजार आटोक्यात आहे, पण ऑटो बोलावणारे कोणी नाही. बरे होऊनही आतच राहणे, याला उपचार म्हणायचे की शिक्षा?

नागपूरच्या मुसलमानांना यासंबंधीची एक हकीकत ठाऊक आहे. आपण ती या अर्थाने वाचत नाही, इतकेच. हजरत बाबा ताजुद्दीन यांना १८९२ साली इथल्या पागलखान्यात ठेवण्यात आले. सोळा वर्षे ते तिथे होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी दोन हजार रुपयांचा जामीन देऊन त्यांना बाहेर आणले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतले, असे चरित्रकार सांगतात. ताजबागला जाणारा भाविक यात बाबांची करामत पाहतो. माझी नजर त्या जामिनावर अडते. सरकारी दप्तरात ते वेडे होते. एका हिंदू राजाने दप्तर बाजूला सारून माणसाची जबाबदारी घेतली, आणि आपल्याच घरात जागा दिली. पण ज्याच्यात कोणाला वली दिसत नाही, त्याचे काय? घरच्यांनी विसरून टाकलेल्या एखाद्या बाईने सुटकेसाठी कोणती करामत दाखवावी?

कायदा करामत मागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १९ सांगते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. पण बाहेर म्हणजे कुठे? महाराष्ट्रात बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले जात होते. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ताबडतोब थांबवायला सांगितले.

चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने वेगळी वाट धरली. साध्या वस्तीत भाड्याचे घर, त्यात चार-पाच जणी, मदतीला एखादी बाई. आज भाजी कोणती करायची, दार कधी लावायचे, हे त्याच ठरवतात. वर्षानुवर्षे घंटेवर जेवलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट आहे!

संस्था वाईट आणि घर चांगले, इतका सोपा हिशेब मात्र मला मांडता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर (त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली) वर्षानुवर्षे एकच मागणी करत आले आहेत: बेवारस अपंग मुलांना अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून संस्थेबाहेर काढू नका. ते खरेच आहे. नुसते फाटकाबाहेर सोडणे म्हणजे समाजात राहू देणे नव्हे. त्यांनी त्या मुलांना बाप म्हणून स्वतःचे नाव लावले, कित्येकांची लग्ने लावली. तोही जामीनच झाला.

आता आपल्याकडे येऊ. आडनाव ऐकून खोली नाकारली गेल्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. 'आमचं काही नाही हो, शेजारी काय म्हणतील!' हे वाक्य आपल्याला पाठ झाले आहे. उद्या मोमिनपुऱ्यात किंवा जाफरनगरात मनोरुग्णालयातून आलेल्या चार बायका खोली पाहायला आल्या आणि घरमालक आपण असलो, तर? मला भीती वाटते की तेच वाक्य आपल्याही तोंडून निघेल, कदाचित उर्दूत. एखादा म्हणेल, मी जकात देतो, हवे तर धान्यही पाठवतो. पण त्या बायका धान्य मागायला आलेल्या नाहीत. नळ किती वाजता येतो, वरच्या मजल्याचा जिना फार उभा तर नाही ना आणि महिन्याचे भाडे किती, एवढेच त्या विचारत आहेत.