साभार परत

'साभार परत' हे दोन शब्द आपल्या किती पोरांना लागलेत, ते अंक काढणाऱ्याला ठाऊक असतं. कविता परत आली की पोरगा एक तर लिहिणंच सोडतो, नाहीतर संपादकाचं आडनाव सांगून मोकळा होतो. आडनावाची गोष्ट पुष्कळदा खरी असते. मी ती नाकारत नाही. माझा मजकूर एका नामांकित मासिकातून 'भाषा शुद्ध करून पाठवा' या शेऱ्यासकट परत आलाय. ती अशुद्ध भाषा माझ्या आईची होती. पण आडनाव सांगून झालं तरी प्रश्न तिथंच राहतो. नकार पचवायचा म्हणजे गप गिळायचा, की शिव्या घालून थुंकून टाकायचा?

मी म्हणतो, आधी नकार देणाऱ्याला विचारा : बाबा, तुला यातलं नेमकं काय नकोय?

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार नव्हता. आता इथं काय सुधारणार? मजकुराला हरकत नव्हतीच, हरकत माणसाला होती. असल्या नकाराशी वाद घालत बसू नये. त्याच्या दारात उभं राहण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात चार वस्त्यांत अंक पोचतो.

दुसरा नकार जास्त अवघड, कारण तो गोड बोलून येतो. लाहोरचं जातपात तोडक मंडळ सुधारकांचं. त्यांनी बाबासाहेबांना १९३६ च्या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. भाषण मुंबईत छापून झालं. मंडळींनी ते वाचलं आणि धसका घेतला. वेद नि धर्मग्रंथांवरचा भाग गाळा म्हणाले. म्हणजे व्यासपीठ मिळणार होतं, हार मिळणार होता, फक्त मुद्दा तेवढा घरी ठेवून यायचा! बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. अधिवेशनच रद्द झालं.

पुढं त्यांनी काय केलं ते आपल्या कामाचं आहे. रडगाणं गायलं नाही. भाषणाचं पुस्तक केलं, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट', आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहार त्याच पुस्तकात पुढं लावला. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी 'हरिजन'मध्ये टीका केली, वर आठ आणे किंमत फार होते, दोन नाहीतर निदान चार आणे ठेवा, असंही सुचवलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची टीका छापली आणि खाली आपलं उत्तर छापलं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचा शब्द लपवला नाही. वाचकापुढं दोन्ही ठेवलं आणि म्हणाले, आता तूच बघ. आपली बाजू पक्की असल्याशिवाय हे धाडस होत नाही. आपल्यातले कितीजण परत आलेली चिठ्ठी चारचौघांत वाचून दाखवतील?

आणि इथंच एक कडू गोष्ट बोलायला पाहिजे. सगळे नकार वरच्या आळीतून येत नाहीत. अंकांची थप्पी घेऊन मी स्टेशनावर हमालांकडे जातो. आपलीच माणसं. त्यांतला एक म्हातारा अंक चाळून म्हणाला, "पोरा, आमचंच दुःख आमालाच इकतोस व्हय? आमाला ठाव नाय ते लिव्ह की."

याला कोणतं आडनाव चिकटवणार? मंडळाला आपला मुद्दा नको होता. म्हाताऱ्याला मुद्दाच हवाय, आणि तो आमच्या पानांत कमी पडतोय असं तो सांगतोय. पहिल्यापुढं स्वल्पविराम हलवायचा नाही. दुसऱ्यासाठी अख्खं पान फाडून पुन्हा लिहावं लागलं तरी लिहायचं. हा फरक न करता जो प्रत्येक नकाराला जातीयवाद म्हणतो, तो खऱ्या जातीयवादाची धार बोथट करतो, आणि स्वतःच्या आळसाला चळवळीचं पांघरूण घालतो. मित्रांनो, राग आला तर येऊ द्या. मला पत्र लिहा, छापतो.

पुढच्या अंकात आम्ही हमालांच्या बिल्ल्यांचा आणि मजुरीच्या दरांचा हिशेब मांडला. म्हाताऱ्याकडं तो घेऊन गेलो. चष्मा नव्हता म्हणून त्यानं माझ्याकडूनच वाचून घेतला, दोन ठिकाणी आकडा दुरुस्त केला, आणि पैसे उद्या देतो म्हणाला.