हुकुमामागचे कारण

सेना ही मानवी संस्थांमध्ये बहुधा सर्वाधिक परंपरानिष्ठ संस्था होय. हुद्दे, शिरस्ते आणि हुकूम यांच्या तटबंदीआड तिचे जीवन चालते, आणि परक्याकडून काही घ्यावयाचे झाल्यास ती त्याचे शस्त्र खुशाल घेते, परंतु त्या शस्त्रापाठीमागचा विचार घेताना हात आखडता घेते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने चीनकडून जे घेतले आणि जे नाकारले, त्याचा वृत्तांत या दृष्टीने मननीय आहे.

इव्हान्स कार्लसन हे मरीन अंमलदार १९३७-३८ मध्ये निरीक्षक या नात्याने चीनमध्ये होते, आणि जपानशी युद्ध पेटलेले असताना कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीबरोबर त्यांनी उत्तर चीनचा डोंगराळ मुलूख पायी तुडविला. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ज्या सेनेतील जखमींची शुश्रूषा करीत १९४२ साली देह ठेवला, ती हीच सेना. तेथे अंमलदार आणि शिपाई एकच अन्न खात, मोहिमेपूर्वी तिचा हेतू साध्या शिपायालाही समजावून दिला जाई, आणि लढाईनंतर चुकांची चर्चा सर्वांसमक्ष होई. कार्लसन यांनी हे सारे जाहीरपणे सांगितले. वरिष्ठांनी त्यांच्या बोलण्यास आळा घालू पाहताच १९३९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि युद्धाची चाहूल लागल्यावर १९४१ मध्ये ते दलात परतले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या दुसऱ्या रेडर (छापामार) पलटणीचे आधिपत्य मिळताच त्यांनी अंमलदारांची वेगळी पंगत मोडली आणि ‘गुंग हो’ हे चिनी सहकारी चळवळीचे नाव पलटणीचे ब्रीद करून त्याच नावाच्या सभांत शिपायांना बोलण्याची मुभा दिली. दहा जणांच्या तुकडीत एक नायक आणि तिघा-तिघांचे तीन गट. प्रत्येक गटात एकाजवळ ब्राउनिंग स्वयंचलित रायफल, दुसऱ्याजवळ थॉम्पसन सबमशीनगन, तिसऱ्याजवळ गॅरंड रायफल, अशी त्यांची रचना होती. मकिन बेटावरील छाप्यानंतर माघार घेताना फुटत्या लाटांनी दैना केली, नऊजण मागे राहिले आणि पुढे जपान्यांनी त्यांचा शिरच्छेद केला, हे या पलटणीच्या इतिहासातील दुःखद पान होय. परंतु वर्षअखेरीस ग्वादलकनालच्या जंगलात सुमारे महिनाभर शत्रूच्या पिछाडीस वावरून तिने स्वतःचे १६ सैनिक गमावले आणि पलटणीच्या गणतीनुसार शत्रूचे ४८८ मारले.

तथापि १९४३ मध्ये कार्लसन यांच्याकडून पलटण काढून घेण्यात आली, आणि १९४४ च्या प्रारंभी रेडर पलटणीच विसर्जित झाल्या. त्याच वर्षी मरीन दलाने चौघा-चौघांच्या तीन गटांची तेरा जणांची तुकडी सर्वत्र रूढ केली; त्यामागे इतरही अनुभव होते, पण रेडरांचा त्यातील वाटा निर्विवाद आहे. रचना दप्तरात दाखल झाली; सभा आणि समान पंगत मात्र दप्तराबाहेर राहिली.

शिपायाला हेतू समजावणे हे चिनी सेनेत पक्षप्रचाराचेच अंग होते, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. पक्षाने ठरविलेल्या उद्दिष्टाविषयीच शंका घेण्याची मोकळीक त्या चर्चेत नव्हती. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांच्या अपेक्षेच्या नेमका उलट आहे. जेथे राज्यकर्ते प्रजेला उत्तरदायी नाहीत तेथेही सेनापतीला शिपायाची समजूत घालणे अगत्याचे वाटत असेल, तर जो शिपाई स्वतः मत देऊन राज्यकर्ते निवडतो, त्याला युद्धाचे कारण विचारण्याचा अधिकार किती पटींनी अधिक असला पाहिजे! कार्लसन यांनी चीनमधून साम्यवाद आणला नाही. स्वतःच्या देशाच्या लोकशाहीला सेनेच्या दारातून आत येऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

आणि ती मागणी सर्वस्वी वाया गेली असेही मला वाटत नाही. चौघांचा गट धुराळ्यात, वरिष्ठाच्या नजरेआड, स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. त्या निर्णयाची पात्रता साध्या शिपायात आहे हे मान्य केल्यावाचून ती रचना एक दिवसही चालणार नाही. मात्र ज्याच्या विवेकावर आपण रणांगणावर भिस्त ठेवतो, त्याच्या विवेकाला रणांगणावर पाठविण्याआधी उत्तर देणे हे राष्ट्राचे ऋण आहे, आणि ते फेडल्याशिवाय शिपायाकडून निष्ठा मागण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला पोहोचत नाही.