एसावावर देवाची प्रीती नव्हती काय?

शब्बाथशाळेत योहान ३:१६ पाठ करून घेताना एखादे मूल सहज विचारते, “देव सर्वांवर सारखीच प्रीती करतो का? आपल्या शेजाऱ्यांवरही? जे कधीच मंदिरात येत नाहीत त्यांच्यावरही?” आपण “होय” म्हणतो व पुढच्या वचनाकडे वळतो. पण तेच मूल मोठेपणी मलाखीचा पहिला अध्याय व रोमकरांस पत्राचा नववा अध्याय वाचते, आणि देवाने याकोबावर प्रीती केली व एसावाचा द्वेष केला असे तेथे त्याला आढळते. मग आपले “होय” अपुरे पडते.

या प्रश्नावर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पूर्वीपासून मतभेद आहेत. हॉलंडात डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवले की, देवाने काही जणांस तारणासाठी निवडले आहे. उलट जॉन वेस्ली याने १७३९ साली आपल्या प्रसिद्ध उपदेशात सांगितले की, कृपा सर्वांसाठी मोकळी आहे. तरी एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य होती: कोणीही आपल्या लायकीने देवाची प्रीती मिळवत नाही.

आता एसावाकडे पाहू. उत्पत्ती २९:३० मध्ये याकोबाची राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती होती असे म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात लेआला नावडती म्हटले आहे. मलाखीने एसावाविषयी वापरलेला इब्री शब्द त्याच धातूचा आहे. म्हणजे तो शब्द वैर दाखवतोच असे नाही. दोघांत एकाला पुढे केले, एवढेही तो दाखवतो. एदोमावर न्याय आला हे खरे, पण न्याय इस्राएलालाही चुकला नाही. शिवाय अनुवाद २:५ मध्ये देव इस्राएलास बजावतो की, सेईर डोंगर आपण एसावाला वतन दिला आहे. त्यातली पाऊलभर जमीनही घेऊ नका. ज्याचा तिरस्कार करायचा, त्याच्या वतनाची अशी राखण कोण करील?

मग देवाने याकोबाला निवडले कशासाठी? उत्तर अब्राहामाच्या पाचारणातच आहे (उत्पत्ती १२:३): त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांस आशीर्वाद मिळावा म्हणून. पंगतीत वाढप्याला आधी बोलावतात, ते त्याने आधी जेवावे म्हणून नव्हे. योना हे विसरला. निनवेतील १,२०,००० हून अधिक माणसांची आणि तेथील गुराढोरांचीही देवाला कीव आली, तेव्हा देवाचा निवडलेला सेवक रुसून बसला होता.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला बालाघाट जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आपल्याकडे आणल्या. त्यांत निरनिराळ्या जातींच्या होत्या. रमाबाईंचे स्वतःचे आईबापही दुष्काळातच गेले होते. देवाने आपल्याला वाचवले ते इतरांपेक्षा थोर म्हणून, असा अर्थ त्यांनी काढला नाही. ज्या वाचल्या नसत्या त्यांच्याकडे आपल्याला पाठवले आहे, असा काढला. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले.

तर मग पाप आणि विश्वास यांत काही भेद नाही काय? आहे. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात सर्व बांध्यांवर एकच पाऊस पडतो. धुरा फुटलेल्या बांधीत पाणी राहत नाही आणि धान वाळते. पण त्या बांधीवर पाऊस कमी पडला, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. लूक १५ मधील बाप धाकट्यासाठी धावत बाहेर गेला, आणि रुसलेल्या थोरल्याची समजूत घालायलाही तोच बाहेर आला. दोघांशी तो वेगळे बोलला, कारण दोघांची गरज वेगळी होती. प्रीती मात्र एकच होती. थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही.

तो थोरला मुलगा आपणच तर नाही ना? दोन-तीन पिढ्या ख्रिस्ती असलेली आपली घरे सोयरीक जुळवताना अजून मूळ जात विचारतात. नव्याने आलेले आदिवासी कुटुंब मागच्या बाकावर बसते, आणि पंचकमिटीच्या निवडणुकीत त्याचे नाव कोणी सुचवत नाही. मग देवाची प्रीती सर्वांवर सारखी आहे हे आपण मुलांस कोणत्या तोंडाने शिकवावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलाने विचारले तर “होय” असेच सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. देवाने तुला आधी हाक मारली असेल, तर ती कोणाकडे तरी पाठवण्यासाठी, हेही त्याला सांगा. आणि येत्या रविवारी त्याला घेऊन त्या मागच्या बाकावर जाऊन बसा.