सहलीतून गाळायची ठिकाणं

दिवाळीची सुट्टी संपली की मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात शाळेच्या सहलीचा विषय निघतो. एसटीची सवलत, पालकांची संमतीपत्रं, डब्यांची सोय हे चटकन ठरतं. घोडं अडतं ते ठिकाणांवर. कुणाला शेगाव हवं असतं, कुणाला अजिंठा. लोणारचं नाव काढलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘ते तर इथंच आहे!’ जवळच्या जागेला सहलीचा मान नाही. मग तडजोड होते: मेहकरचा बालाजी, लोणार, सिंदखेडराजा, सगळं एका दिवसात. पालकांनाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

माझ्या मते आखणीचं खरं काम नावं गाळण्याचं आहे.

लोणार ठेवून सिंदखेडराजा गाळताना जीव तुटतो. लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात शेषशायी विष्णूचं भलंमोठं शिल्प निघालं. दगड शिस्टचा, कोरायला मऊ. आपल्याकडे घराच्या जोत्यापासून देवळाच्या कळसापर्यंत सगळा काळा बसाल्ट. मग हा दगड आला कुठून, आणि समाधीशेजारच्या जमिनीत गेला कसा? एवढ्यावर मुलांचा अख्खा दिवस सहज जाईल. म्हणूनच तो लोणारनंतर उरलेल्या दोन तासांत कोंबायचा नाही.

लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. भोवतीचा खडक लाव्हारसाचाच, त्यामुळे हे ज्वालामुखीचं तोंड असावं असा समज बराच काळ होता. तळाखालून छिद्रं पाडून काढलेल्या खडकात प्रचंड आघाताशिवाय न बनणारी काच सापडली, तेव्हा १९७३ मध्ये उल्कापाताची बाजू पक्की झाली. वयाचा घोळ मात्र राहिला. एका पद्धतीनं ते ५२ हजार वर्षं निघालं. आर्गॉन वायूच्या मोजणीवरून २०१० मध्ये आलेला आकडा ५ लाख ७० हजारांचा. फरक दहापटीहून जास्त! शिक्षकाला वहीत एकच आकडा उतरवून द्यायचा मोह होतो, कारण परीक्षेत एकच चालतो. मी दोन्ही सांगेन आणि भांडण कशावरून आहे तेही सांगेन. शहाणी माणसं पुरावे समोर ठेवून भांडतात हे मुलांना आणखी कुठे दिसणार?

लवणासुराची गोष्ट मुलांना आज्जीकडून आधीच ठाऊक असते. ‘ती खोटी, उल्केची खरी’ असा निकाल तिथं उभं राहून देऊ नये. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात विष्णू त्या दैत्यावर उभा आहे. बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची अशी दाटी की मान दुखावी. ज्यांनी ही कथा रचली त्यांनीही खड्ड्यातल्या पाण्याच्या खारेपणाकडेच नीट पाहिलं होतं. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव शोधले. सुरुवात दोघांचीही खारटपणापासूनच.

आणि काठावर धारेचं गोड पाणी अखंड पडतंय, खाली क्षार. हे कसं, असं कुणी विचारलं तर उत्तराची घाई करू नये. खाली उतरताना पडक्या देवळांपाशी थांबावं. अभयारण्य आहे, शिट्ट्या नकोत. चढण उन्हाची लागते, तेव्हा उतरायचं सकाळीच आणि दैत्यसूदन दुपारी, सावलीत. वह्या गाडीतच राहू द्याव्यात. पाटी उतरवून घेणारं मूल भिंतीकडे बघत नाही.

प्रस्तावात ठिकाण एकच लिहावं. मुख्याध्यापकांनी ‘एवढंच?’ असं विचारलं, तर सिंदखेडराजा पुढच्या वर्षी. आणि तेही एकटंच.